शब्दचर्चा: 'टेस्टिंग मेनू'ला मराठीत काय म्हणाल? (आसादो, पार्रिशा वगैरे)

दादा-वहिनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला गेलेत, तिथे पालेर्मो भागात एका चांगल्याच महागड्या पार्रिशात (मांस भाजून देणारं हॉटेल) सात पासोंचं, म्हणजे सात टप्प्यांत थोडं थोडं वाढतात ते, जेवण जेवले नि वहिनीने मेनूचा फोटो ग्रुपवर टाकला, आता आई विचारतेय की यात काय काय होतं ते मला मराठीत नीट सांग. ट्रान्सलेट केलं तर बिफे दे चोरिसोचं 'सॉसेज स्टेक' झालं आणि मोशेहाचं कोंबडीतलं काहीतरी. मला हवेत ते शब्द: टेस्टिंग मेनू, आसादो, पार्रिशा, आचूरास आणि ते हुगोसो. 'चाखणभोजन' सुचलं होतं पण चाखणा म्हटलं की समोर खारे शेंगदाणेच येतात.

– वानगी घ्या की! वानगीदाखल म्हणतो ना आपण, त्यातली वानगी. वानगीचं जेवण. बाकी पासो म्हणजे पाऊल, म्हणजे सिएते पासोस ही सात पावलं झाली, आणि प्रत्येक पावलाला वेगळी वाईन देतात त्याला मारिदाहे म्हणतात, तो शब्दही लग्न लावण्यावरूनच आलाय. पंचविसाव्या वाढदिवसाला परत सप्तपदी 😄

– वानगी नाही पटत. वानगी बघून माल घ्यायचा की नाही ते ठरवतात, इथे वानगी म्हणजेच अख्खं जेवण आणि बिलही त्याचंच. आईंना 'थोडं थोडं करून सात वेळा वाढलं' एवढं सांगितलं तरी कळेल, नाम कशाला पाडायचं. आणि खरं सांगू का, साध्या घरगुती आसादोतही सगळं एकदम पानात येत नाही, आधी चोरिपान (पावात घातलेलं सॉसेज), मग आचूरास, मग जे जसं होईल तसं मांस येत राहतं, खाणारे थांबतात, मांस थांबत नाही. महागड्या हॉटेलांनी त्याच क्रमाला छोट्या प्लेटा आणि मोठे ग्लास दिलेत असं माझं मत.

– आसादोचे तीन अर्थ आहेत हे लक्षात घ्या. एक म्हणजे बरगडीचा आडवा कापलेला तुकडा (तीरा दे आसादो), दुसरं निखाऱ्यावर भाजायची पद्धत, आणि तिसरं रविवारी सगळे जमतात तो अख्खा कार्यक्रम. आपल्याकडे हुरडा कसा, कणसातून काढून खातो तोही हुरडा आणि 'हुरड्याला या' म्हणतो तोही. म्हणून आसादोचं 'बार्बेक्यू' केलं की पहिला अर्थ तरी जातोच. पार्रिशाचं तसंच, भाजायची लोखंडी जाळी पण पार्रिशा आणि ती जिथे असते ते हॉटेल पण पार्रिशा. भाजणारा तो आसादोर, घरी कोणीतरी ओरडतं 'आसादोरसाठी टाळ्या' आणि सगळे खरंच वाजवतात.

– उच्चाराबद्दल, पुस्तकी स्पॅनिशमध्ये पारिया किंवा पारिल्या ऐकाल, पण ब्युनोस आयर्सवाले त्या दोन एलचा 'श' करतात म्हणून पार्रिशा, मोशेहा. 'दोन हूलिओ' नावाची 1999 ची पार्रिशा पालेर्मोतच आहे, हॉटेलांना स्टार देणारं मिशेलिन गाइड अर्जेंटिनात पहिल्यांदा आलं नोव्हेंबर 2023 मध्ये तेव्हा तिला स्टार मिळाला. वहिनी तिथे गेल्या होत्या का?

– नाही हो, दुसरीकडे. पण तिथे लाकूड कुठलं ते वेटरने सांगितलं म्हणे, केब्राचो.

– केब्राचो म्हणजे कुऱ्हाडमोड! केब्रार मोडणे, आचा कुऱ्हाड, इतकं टणक लाकूड. आता मूळ मुद्दा, कृपा करून 'ग्रिल केलं' लिहू नका. तिकडे जाळावर भाजतच नाहीत, लाकूड बाजूला जाळून त्याचे निखारे फावड्याने जाळीखाली ओढतात, जाळी चाकाने वरखाली होते आणि मांस तासन्‌तास लांबच्या धगीवर राहतं. आणि मराठीत यासाठी केवढे शब्द आहेत बघा, जाळ वेगळा, इंगळ वेगळा, आर वेगळा, फुफाटा तर अजून वेगळा. आर म्हणजे धगधगीत निखाऱ्यांचा थर, तोच पार्रिशाखाली असतो. क्रियापदही भाजणे नको, 'शेकणे' जवळचं वाटतं. आरावर शेकलेलं. आजी भाकरीबद्दल जे बोलायची ते शब्द स्टेकला लावायला लाज कसली?

– गोव्यातून लिहितोय. चोरिसो आणि आमचं चोरीस ही सॉसेजं भावंडं, पण त्यांचं ताजं असतं, आमचं व्हिनेगर, लाल मिरची घालून सुकवलेलं. त्यांचं चोरिपान, आमचं चोरीस-पाव. पण बिफे दे चोरिसोत चोरीस शोधू नका, तो नुसता पाठीकडचा स्टेक.

– आचूरास म्हणजे आतले अवयव. शब्द केचुआ भाषेतला, मूळ अर्थ वाटणे. आपल्या गावात बोकड कापला की 'वाटे' घालतात ना, तेच! मोर्सीशा म्हणजे आतड्यात भरलेली रक्ती. मोशेहा मात्र अवघड, पक्ष्यात तो पेटा (कलेजी-पेटा म्हणतो तो, म्हणून तुमचं ट्रान्सलेट फसलं), पण पार्रिशात ती वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी. मराठी स्वयंपाकघरात याला शब्द नाही, सरळ 'गळ्याजवळची मऊ ग्रंथी, लिंबू पिळून' असं लिहा.

– आणि वासराचं आहे हे आईला सांगायचं का?

– ते तुमच्या घरचं, शब्दचर्चेत नको 🙏

– हुगोसोला (आतून ओलसर राहील इतपतच शेकलेलं मांस) 'अर्धकच्चं' म्हणू नका, आचाऱ्याची चूक वाटते. रसरशीत म्हणा. त्याहून कमी शेकलेलं ते 'वुएल्ता इ वुएल्ता', म्हणजे ही बाजू ती बाजू, उलटून-पालटून झालं.

– अजून एक, सोब्रेमेसा. जेवण झाल्यावर टेबलावरच तासभर बसून गप्पा मारायच्या, उठायचं नाही, वेटरही बिल आणून ठेवत नाही, मागावं लागतं.

– हात वाळेपर्यंत गप्पा!

– काट्या-चमच्याने खाल्लं, हात कुठले वाळतायत 😂 पण आईला हेच लगेच कळलं, बाकी मेनू राहिला बाजूला, म्हणाली इतका वेळ बसले तर जेवले कधी. त्यांचं टेबलच रात्री साडेनवाचं होतं.