मदत हवी आहे: बेस गिटारची सर्वांत जाड तार (ई) डी सुरावर उतरवली की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते

आमचा पाच जणांचा हौशी बँड आहे. गायिकेची पट्टी पांढरी दोन, त्यामुळे निम्मी गाणी डीमध्ये. माझा बेस चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (तारेची वाजणारी लांबी). तारांची जाडी ४५-१०५ (इंचाच्या हजाराव्या भागांत), नेहमीचं ई-ए-डी-जी ट्यूनिंग. डी मधल्या तारेवर वाजवला तर ड्रमसोबत आवाज पोकळ वाटतो, म्हणून ईची तार डीपर्यंत उतरवतो. मग ती ढिली पडते आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर खडखडते. घरी हेडफोनवर फारसं कळत नाही, सरावात मोठ्या अँपवर मात्र नुसता कचरा!

ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) पाव फेरा सैल केला, ब्रिजवर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी वाढवली. खडखड कमी झाली, पण आता वरच्या फ्रेटवर बोटं दुखतात. हलक्या हातानेही वाजवून पाहिलं. जोरकस गाण्यांत ते जमत नाही. तारा तीन महिन्यांपूर्वीच बदलल्यात.

पाच तारांचा बेस सध्या परवडणार नाही. बाकीची गाणी ईमध्येच आहेत, म्हणजे कार्यक्रमात मधेच तार वर-खाली करावी लागणार.

फक्त ईच्या जागी ११० ची तार टाकली तर दोन्ही ट्यूनिंगमध्ये ताण ठीक राहील का? आणि त्यासाठी नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच घासावी लागेल का?