हळदीच्या रात्री चाव्या डब्यात
हळदीला पिऊन बाइक चालवणाऱ्या पोरांना थांबवायचं तर पोलिसांची नाकाबंदी वाढवल्याशिवाय काही होणार नाही, असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटलं. नाकाबंदी हायवेला, आणि हळदीहून परतणारी पोरं येतात आतल्या रस्त्याने. आमच्याकडे पनवेल बाजूला काही घरांत आता मांडवातच बाइकच्या चाव्या काढून घेतात, नावाची चिठ्ठी रबराने गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा नवरदेवाच्या मावशीकडे, तिच्याशी कोण हुज्जत घालणार, आणि घरी सोडायला न पिणाऱ्या एकाची इको आधीच सांगून ठेवलेली.

फक्त लिंबूपाणी नाहीतर ब्लॅक कॉफी पाजून "उतरली आता" म्हणत चावी परत देऊ नका प्लीज, त्याने फार तर झोप उडते, रक्तातली दारू लिव्हर आपल्या गतीनेच काढतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे, म्हणून चावी सकाळीच द्यायची.