गोठणगावचा तिबेटी कॅम्प: तिथला कारभार नेमका कोण बघतं?

नागपुरी_संत्रा:
दर हिवाळ्यात आम्ही ज्या तिबेटी काकूंकडून स्वेटर घेतो त्या इतकं अस्सल झाडीपट्टीतलं मराठी बोलतात की शेवटी विचारलंच, गाव कोणतं, तर म्हणाल्या गोंदिया जिल्हा! मला वाटायचं हे लोक हिमाचलमधल्या धर्मशाळेहून येतात. तिथे ग्रामपंचायत आहे का, जमीन कोणाची, कोणाला माहिती आहे का?

धानवाला:
मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातलाच. गोठणगावला, प्रतापगडजवळ आहे कॅम्प (साताऱ्याचा नाही, आमचा, महाशिवरात्रीच्या यात्रेचा), नाव नोर्ग्येलिंग, १९७२ साली वसवला. जमीन सरकारची, कसायला दिलेली, त्यामुळे विकता येत नाही. धान पावसाच्या भरवशावर, एका पिकावर घर चालत नाही म्हणून दिवाळीच्या आसपास अर्धा कॅम्प स्वेटर विकायला बाहेर, माल बहुतेक लुधियानाचा, अन् घरी म्हातारे अन् लेकरं. कारभार सेटलमेंट ऑफिसर पाहतो, धर्मशाळेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या गृह विभागाखाली. सोबत कॅम्प लीडर अन् सहकारी सोसायटी. कोणाकडे मयत झाली की सगळी कामं सोडून लोक जमतात, हे मी लहानपणापासून पाहून राहिलो.

पेमा_गोंदिया:
मी तिथलीच, जन्म तिथलाच. धानवाला दादांनी बरोबर सांगितलं. थोडं जोडते. आमच्याकडे ग्रीन बुक, म्हणजे तिबेटी प्रशासनाची ओळख-पुस्तिका असते, त्यात दरवर्षी चात्रेल म्हणजे ऐच्छिक वर्गणी भरल्याची नोंद होते, ती पूर्ण असेल तरच मत देता येतं. सिक्योंग (तिबेटी प्रशासनाचे प्रमुख) आणि निर्वासित तिबेटी संसदेच्या निवडणुकीला कॅम्पमध्येच मतदान होतं, माझी आजी वाचू शकत नव्हती तरी एकदाही चुकली नाही. भारत सरकारचं कागद वेगळं, आरसी म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, ते मुदत संपली की रिन्यू करायचं.

आणि मनात सलणारी गोष्ट म्हणजे कायद्याने २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेले जन्मानेच भारतीय, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तेच सांगितलं, पण पासपोर्ट घ्यायचा तर आरसी परत करा, सेटलमेंटमध्ये राहू नका अशा अटी आल्या. माझी आई त्यात बसते. तिने अर्ज केला नाही, म्हणाली आजोबांनी जंगल तोडून केलेली बांधी (धानाचं शेत) सोडून कुठे जाऊ.

पोरं मात्र चाललीत, बंगलोर, युरोप, कॅनडा. लोसारला, म्हणजे आमच्या नववर्षाला, सगळे आले तर गोम्पाचं (बौद्ध मठाचं) अंगण भरतं, नाहीतर बऱ्याच घरांना कुलूप.

नागपुरी_संत्रा:
पेमाताई, मनापासून आभार, हे काहीच माहीत नव्हतं. लोसारला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का? परमिट लागतं?

पेमा_गोंदिया:
परमिट परदेशी लोकांना लागतं, तुम्हाला नाही. या ना, फक्त पहिला दिवस घरच्यांचा असतो म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या. खापसे (लोसारचे तळलेले गोड पदार्थ) खायला घालू.