ऑटिझमचं निदान चौतिशीत झालं, आता काम कसं निवडू?

भांडुपची: लोअर परळला जाहिरातींचा मजकूर लिहिते. काम आवडतं, पण उघड्या हॉलमधले फोन, डोक्यावरची ट्यूबलाइट आणि ‘जरा पटकन बघ ना’ म्हणत मध्येच टाकलेली कामं यांनी दुपारपर्यंत मी पार गळून जाते. त्याआधी लोकलची गर्दी असतेच. मजकुरातल्या चुका शोधायला बसले की मात्र भान राहत नाही. तेच काम शोधू का? ऑफिसात निदान सांगू का?

ठाणेकर काका: मुद्रितशोधन करून बघाच. पैसे कमी, हे खरं. म्हणून आधी नोकरी सांभाळून एखाद्या पुस्तकाचं काम घ्या. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जातं. बँकेत कोमेजला होता, आता साउंड रेकॉर्डिंग करतो आणि जेवायला हाक मारावी लागते!

कायद्याची विद्यार्थिनी: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. खासगी कंपनीनंही समान संधी धोरण ठेवायला हवं, ते आधी मागून वाचा. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सगळ्यांना निदान सांगायची सक्ती नाही. साहेबांकडे नेमकं मागा: कोपऱ्यातली जागा, हेडफोन, कामं लेखी.

भांडुपची: लेखी कामं! हे मागता येतं, असं कधी वाटलंच नव्हतं. सोमवारी साहेबांना मेल करते. काका, पुस्तकाचं काम मागायला प्रकाशकांकडे थेट जायचं का?