लेस लुथिएर्स: संच बदलत गेला, तरी गंमत कशी टिकली?

कोरांटी: स्पॅनिशच्या वर्गात बाईंनी अर्जेंटिनाच्या ‘लेस लुथिएर्स’ या विनोदी संगीतसंचाचा एक तुकडा दाखवला. काळ्या सुटातले गंभीर गृहस्थ, आणि वाजवतायत काय, तर टाइपरायटर! नंतर वाचलं की हा संच १९६७ ते २०२३ चालला आणि मधे बरीच माणसं गेली. मग शेवटी उरला तो तोच संच का? आणि भाषा अर्धवट येत असेल तर सुरुवात कुठून करू?

पेटीवाला: वाद्यांपासून करा. मी भजनी मंडळात पेटीवर असतो, त्यामुळे माझा कान आधी सुराकडे गेला. हॅमच्या डब्याचं व्हायोलिन, पुठ्ठ्याच्या नळ्यांचं चाकांवर ढकलायचं भलंमोठं फुंकवाद्य, आणि तुम्ही पाहिलेला तो टाइपरायटर. सगळं सुरात! बेसूर वाजवून हशा कुणीही घेईल. ही माणसं मात्र ब्यूनोस आयर्सच्या विद्यापीठातल्या गायनवृंदातून आलेली, शास्त्र शिकलेली. हेरार्दो मासाना वास्तुविशारद. त्याने जुलाबाच्या औषधाच्या माहितीपत्रकातला मजकूर घेऊन जर्मन संगीतकार बाखच्या धर्तीवर कांताता (वाद्यांच्या साथीने गायची, बहुधा धार्मिक रचना) रचली आणि १९६५मध्ये अर्जेंटिनातल्याच तुकुमानच्या गायनवृंद महोत्सवात ती सादर झाली. स्वररचना इतकी चोख, की शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत आपण भक्तिभावाने ऐकत बसतो.

हा मासाना १९७३मध्ये ल्युकेमियाने गेला, ऐन छत्तिशीत. संस्थापक तो, पहिली वाद्यं घडवणाराही तोच. तिथेच सगळं संपायचं. पण बाकीच्यांकडे एव्हाना मास्त्रोपिएरो होता: त्यांनी कल्पनेतून उभा केलेला संगीतकार. मार्कोस मुंडस्टॉक फाइल उघडून, रेडिओ निवेदकाच्या खर्जातल्या आवाजात त्याचं चरित्र वाचणार आणि मग त्याची ‘रचना’ सादर होणार. ही चौकट कुणा एकावर उभी नव्हती, म्हणून टिकली असं माझं ठाम मत आहे.

दक्षिणवारा: पेटीवाला, वाद्यांबद्दल पूर्ण सहमत, पण चौकटीचं नाही पटत. २०१५मध्ये दानिएल राबिनोविच गेला आणि माझ्यापुरता संच तिथे थांबला. वाचताना त्याची जीभ अडखळायची, शब्द भलतीकडेच तुटायचे आणि शेजारी मुंडस्टॉकचा पारा चढत जायचा. ती जुगलबंदी दुसऱ्या कुणाला देता येत नाही. २०२०मध्ये मुंडस्टॉकही गेला. त्यानंतर जुने प्रवेश नव्या संचात पाहिले; चांगले बसवलेत, पण मन रमलं नाही.

पेटीवाला: राबिनोविचबद्दल काय बोलणार, मलाही तोच सर्वांत लाडका. पण नव्यांपैकी ओकॉनर आणि तुरानो हे काही उपरे नव्हते, आधीपासून बदली कलाकार म्हणून तयार होत होते. आणि निरोपाचा प्रयोग पाहा ना. जुन्यांपैकी उरलेले होर्हे मारोना आणि कार्लोस लोपेस पुच्चिओ, दोघंही सत्तरी ओलांडलेले. जुन्या हिट प्रवेशांची मोळी बांधून निरोप घेतला असता तरी थिएटरं भरली असती. त्यांनी तसं केलं नाही. नवा कोरा प्रयोग लिहिला, मध्यभागी पुन्हा मास्त्रोपिएरोच, आणि तो घेऊन २०२३मध्ये स्वतः होऊन थांबले. याला मी तोच संच म्हणतो.

कोरांटी, वाद्यं झाली की मुंडस्टॉकची निवेदनं घ्या, स्पॅनिश सबटायटल्स लावून. तो सावकाश आणि स्वच्छ बोलतो. राबिनोविच त्यानंतर, तो शब्द कसे मोडतो हे कळायला आधी ते सरळ ओळखीचे हवेत.