आफ्रिकेची सफारी : गाडी कुठे थांबली होती?

सफारीहून आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "काय काय दिसलं?" मग सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा, रानम्हैस अशी हजेरी होते, फोटो दाखवले जातात आणि विषय संपतो. पण तिकडे जाऊन आलेल्या चार-पाच जणांशी निवांत बोलताना मला जाणवलं, की हजेरी संपल्यावर माणूस जरा थांबतो आणि "पण एक सांगू का," म्हणतो, तिथून खरी गोष्ट सुरू होते. म्हणून हा धागा. गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि तिथून हलावंसं वाटेना, अशी तुमची एक जागा सांगा. देश कुठलाही चालेल, कितीही लिहा.

माझी सांगते.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, उत्तर टांझानियातलं न्दुटू. सेरेंगेटीच्या दक्षिणेची ही सपाट जमीन ज्वालामुखीच्या राखेची. झाड जवळपास नाहीच, नजर जाईल तिथवर आखूड गवत. पण त्या गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला तेच हवं असतं. म्हणून वाइल्डबीस्ट या थोराड हरणांचे, सुमारे १३ लाखांचे कळप पावसामागोमाग इथे येतात आणि बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत व्यातात. इतकी पिल्लं एकदम जन्मली की तरस-सिंहांनी कितीही नेली तरी पुष्कळ वाचतात.

आमच्यापासून जेमतेम तीस फुटांवर एक मादी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. मागून दोन ओले खूर बाहेर आले होते. खुरांची टोकं पिवळट आणि मऊ, रबरासारखी. आईला आतून इजा होऊ नये म्हणून ती जन्मताना तशी असतात, हे गाइडने हळू आवाजात सांगितलं. पिल्लू जमिनीवर पडलं, आई चाटायला लागली. मी घड्याळ बघत होते. पहिल्यांदा ते पुढच्या गुडघ्यांवर उठलं आणि तोंडावर आपटलं. मग मागचे पाय फाकले. चौथ्या खेपेला उभं राहिलं, तेव्हा सहा मिनिटं झाली होती. लांब एक तरस बसलं होतं, तोंड आमच्याच दिशेला. गाइडचा हात किल्लीवर होता, पण त्याने ती फिरवली नाही. नुकतं जन्मलेलं पिल्लू हलणाऱ्या गाडीलाच आई समजून तिच्यामागे लागू शकतं, हे त्याने आधीच बजावलं होतं. थोड्या वेळाने ते आईला चिकटून पळायला लागलं. कळपात शिरल्यावर मला ती दोघं पुन्हा ओळखता आली नाहीत.

आता तुम्ही सांगा.

*

माझी गोष्ट चांगली नाही, पण लिहिणं गरजेचं वाटतं.

सप्टेंबर, केनियातलं मसाई मारा. आम्ही ज्यांच्यातर्फे गेलो त्यांनी जाहिरातीतच 'नदी ओलांडणारे कळप दाखवणार' असं छापलं होतं. असा शब्द कोणी देऊच शकत नाही. कळप काठावर येतो, तासन्‌तास उभा राहतो, कधी उतरतो, कधी मागे फिरतो. आम्ही मारा नदीपाशी चार तास होतो. रेडिओवर स्वाहिलीत निरोप गेले आणि बघता बघता चाळीसेक गाड्या जमल्या. शेवटी झेब्र्यांची एक रांग उताराला लागली, मागून वाइल्डबीस्ट. त्याच क्षणी सगळ्या गाड्या एकदम सुटल्या, कारण प्रत्येकाला पुढची जागा हवी होती. दोन गाड्या थेट उताराच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढची झेब्रा मादी थबकली, फुरफुरली आणि वळली. तिच्यामागे सगळा कळप वळला. धूळ बसायला किती वेळ लागला! त्या सुटलेल्या गाड्यांत आमचीही होती, आणि आमच्या गाडीत "चला, चला" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो : पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला सांगा, आम्हाला घाई नाही, मागे राहिलो तरी चालेल. गिऱ्हाईक नाराज होईल, बक्षिसी बुडेल या धास्तीने तो गाडी दामटतो. ती धास्ती आपणच काढू शकतो.

*

मी अकोल्याचा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो. अकोला-खंडवा मीटरगेजवर बरीच वर्षं काढली. मेळघाटातून जाणारी ती लाईन, धुळघाटचा तो वेढा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की मला केनियात प्राण्यांच्या आधी रूळ का बघायचे होते.

मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. तीही मीटरगेजच. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर नेले होते आणि त्यांतले जवळपास अडीच हजार तिकडेच गेले. तापाने, अपघाताने, आणि काही सिंहांच्या तोंडी. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं उचलून नेत. आयाळ नसलेले नर. कामं बंद पडली, माणसं पळून गेली. डिसेंबरात दोघांना मारलं. ते आता पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात आहेत.

मुलाने नैरोबी-मोंबासा नव्या गाडीची तिकिटं काढली होती. ही रुंद लाईन २०१७ला सुरू झाली. त्सावोच्या जंगलात तिचा भराव उंच ठेवलाय आणि हत्तींना खालून जायला बोगदे सोडलेत. खिडकीतून हत्ती दिसले ते विटेच्या रंगाचे, तिथली लाल माती अंगावर उडवून घेतलेले. दुसऱ्या दिवशी जीपने पुलाजवळ गेलो. मी गाइडला म्हटलं, पाच मिनिटं थांबू या. त्याने इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि काही न विचारता बाजूला जाऊन उभा राहिला. आम्ही रात्रपाळीला मेळघाटातल्या छोट्या स्टेशनांवर उतरायचो तेव्हा हातात निदान कंदील, मग बॅटरी असायची, आणि घरी गेलो की आई भाकरी वाढायची. या लोकांच्या आयांना निरोप तरी कधी पोचला असेल? नदीत पाणी थोडंच होतं. मी सोबत आणलेली चिमूटभर हळद-कुंकू पाण्यात सोडली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून लिहितोय.

*

नैरोबीत चौदा वर्षं राहते, म्हणून थोडं कामाचं.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी स्वेटर आणाच. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं समजून लोक सुती कपड्यांत येतात आणि पहाटे साडेसहाला उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्या रंगांकडे चावणाऱ्या त्सेत्से माश्या येतात. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि पिवळं कार्ड परतीपर्यंत जपा, ते भारतात उतरताना मागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा बॅगेत कपडे गुंडाळायला कापडी पिशव्या घ्या. आणि आईवडिलांना सांगा, भाषेची भीती नको : स्वाहिलीत गाडी म्हणजे गारी, दुकान म्हणजे दुका, पैसा म्हणजे पेसा, विमा म्हणजे बिमा, आणि चपाती म्हणजे चपातीच.

माझी जागा अगदी घराजवळची. नैरोबी नॅशनल पार्क, शहराला लागून, ११७ चौरस किलोमीटर, १९४६ पासूनचं. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन जाते. पुढे काळा गेंडा बाभळीचा पाला ओरबाडतोय आणि त्याच्या पाठीमागे शहरातले उंच टॉवर. मोठा मुलगा पाच वर्षांचा असताना मी त्याला उन्हाळ्यात ताडोबात नेलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, "आई, इथे बिल्डिंगा कुठायत?"

*

क्रूगर, दक्षिण आफ्रिका. स्वतः गाडी चालवत गेलो, चौघं जण. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४० ही मर्यादा, आणि सूर्यास्ताला कॅम्पचं फाटक बंद होण्याआधी आत पोचायचं.

लोअर साबी कॅम्पच्या रस्त्यावर समोरून माजावर आलेला नर हत्ती आला. कानशिलावरून काळा ओघळ, मागचे पाय ओले. तो रस्ता सोडेना. आमच्या पुढच्या गाडीने मागे घेतली, आम्ही घेतली, आमच्या मागच्यांनी घेतली. सहा-सात गाड्यांची रांग जवळजवळ एक किलोमीटर उलटी चालली होती. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी खिडकीबाहेर हात काढला नाही. शेवटी तो एका मारुलाच्या झाडाकडे वळला. आमच्या मुलीने तेव्हा सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

*

सोलापूर.

नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. वडील शाळामास्तर, पक्ष्यांचा नाद. नव्वदच्या दशकात रविवारी पहाटे मला मोटारसायकलवर मागे बसवून माळावर न्यायचे. मी तिसरीत असताना पहिला माळढोक पाहिला. पावसाळ्याचे दिवस, नराने गळ्याची पांढरी पिशवी फुगवून खाली सोडलेली, शेपूट पाठीवर उभारलेलं. तो घुमला की आवाज छातीत लागायचा. वडील म्हणायचे, "बघून घे." तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. मग दर वर्षी कमी दिसत गेले. माळाचं शेत झालं, विजेच्या तारा आल्या. आता आपल्या राज्यात माळढोक दिसला तर बातमी होते.

सेरेंगेटीत आमची गाडी सिंहांच्या दिशेने चालली होती. डाव्या हाताला गवतात काहीतरी हललं आणि मी "थांबा" असं मराठीतच ओरडलो. कोरी बस्टर्ड. माळढोकाचा सख्खा चुलता, दोघांचं कुळ एकच. नर १८ किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. तीच चाल : एक पाऊल, थांबणं, मान ताठ, मग पुढचं पाऊल. डोक्यावर तीच काळी टोपी, मान मात्र राखाडी. त्याच्यामागे दुसरा, आणि जरा लांब तिसरा. गाइडला ते रोजचे, त्याने नाव सांगून गाडी सुरू करायला घेतली. मी त्याला फोनमध्ये वडिलांचा जुना फोटो दाखवला, नान्नजच्या माळावर दुर्बीण लावून बसलेला. आता आमच्याकडे किती उरलेत, ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. म्हणाला, सिंह संध्याकाळीही तिथेच असतील.

आम्ही पाऊण तास बसलो. एका नराने मान फुगवायला सुरुवात केली, पिसं उभी राहून गळा पांढराशुभ्र झाला, आणि तो घुमला. मी तो आवाज रेकॉर्ड करून वडिलांना पाठवला. ते आता फारसे बोलत नाहीत. बहीण म्हणाली, त्यांनी फोन कानाला लावून सात वेळा ऐकला.

एक आणखी. आपला चातक पावसाबरोबर येतो तो आफ्रिकेतून. परतीच्या दिवशी आमच्या तंबूजवळच्या बाभळीवर चातक होता. त्याला म्हटलं, जूनमध्ये ये.

*

ओल पेजेटा, केनिया, विषुववृत्ताजवळ. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या उपजातीत जगात आता फक्त दोघी उरल्या आहेत, नाजिन आणि तिची मुलगी फातू. शेवटचा नर, सुदान, १९ मार्च २०१८ला गेला. दिवसरात्र बंदूकधारी पहारा असतो. नाजिन चरत चरत आमच्या इतकी जवळ आली की गवत तुटल्याचा आवाज येत होता. जास्त लिहिता येत नाही.

*

वय ६८, सांगली. लेकीने हट्टाने नेलं. माझे गुडघे दुखतात, गाडीची पायरी उंच, म्हणून मी नको म्हणत होते. गाइडने पहिल्या दिवशी लाकडी स्टूल आणून ठेवलं आणि मला 'मामा' म्हणायला लागला. मी चपापले. लेकीने सांगितलं, त्यांच्यात मामा म्हणजे आई.

अंबोसेली, केनिया. पहाटे किलिमांजारो पूर्ण दिसला, बर्फासकट. साडेआठला ढगात गेला तो गेलाच. त्या डोंगराचं पाणी जमिनीखालून येऊन इथे दलदल होते, त्यामुळे आजूबाजूला धूळ उडत असली तरी हत्ती पोटापर्यंत हिरव्या पाण्यात उभे असतात. इथल्या हत्तींचा अभ्यास १९७२ पासून चालू आहे. कानाच्या कडेच्या खाचा, भोकं यावरून एकेकीला ओळखतात. घरात थोरली हत्तीण कर्ती, तिच्यामागे मुली, नाती.

आमच्यासमोरून असं एक घर रस्ता ओलांडत होतं. थोरली पुढे गेली, बाकीच्या गेल्या, आणि एक अगदी तान्हं रस्त्याच्या कडेच्या चरात अडकलं. पाय वर येईना. सगळं घर थांबलं. थोरली मागे फिरली, पण तिने त्याला उचललं नाही. चराची कड पायाने खरवडून खरवडून मोडली, उतार केला आणि उभी राहिली. ते आपलं आपण वर आलं. माझ्या आजेसासूबाई अशाच होत्या.

हत्ती गेल्यावरही आम्ही तिथेच होतो. मी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला, गाइडच्या ओंजळीत घातलं. त्याने खाल्लं, तिखट लागलं, आणखी मागितलं. नाव विचारलं.

"भडंग," मी म्हणाले.

"बडांग," तो म्हणाला. मग पुन्हा, सावकाश, "ब-डांग, मामा."