मदत हवी आहे: आजार दोनदा होतो, तर लस कशी चालते?

घरात एक वाद अडकून पडलाय. मेहुण्यांचं म्हणणं, "खुद्द करोना होऊन गेला तरी परत होतो, मग लस काय दिवे लावणार?" मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

वाचून कळलं ते असं. गोवर एकदा झाला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. फ्लूचा विषाणू रूप पालटत राहतो. अँटीबॉडी काही महिन्यांत उतरतात, स्मृतिपेशी (आधीचा आजार ओळखून ठेवणाऱ्या पेशी) मात्र मागे राहतात. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी एका ३३ वर्षांच्या माणसाला करोनाची दुसऱ्यांदा लागण झाल्याचं जनुकीय तपासणीने दाखवलं. दुसऱ्या वेळी त्याला लक्षणंच नव्हती, विमानतळावरच्या चाचणीत सापडला. धनुर्वात होऊन गेल्यावरही प्रतिकारशक्ती येत नाही, लसीने येते, हेही मी सांगून पाहिलं. तर मेहुणे म्हणाले, "तो जिवाणू. विषाणूचं बोला." आता यावर काय बोलणार!

डॉक्टरांना विचारलं, ते घाईत "गंभीर होत नाही" एवढंच बोलले. लस घ्यावी का हे विचारत नाहीये, सगळ्यांनी घेतली आहे. फॉरवर्ड नकोत, कारण हवंय.

दुसऱ्यांदा आजार सौम्य झाला तर ते स्मृतिपेशींमुळे की विषाणूच बदलल्यामुळे, हे संशोधक वेगळं कसं काढतात? आणि लागणीपेक्षा लसीचं संरक्षण सरस ठरलंय असा एखादा विषाणू आहे का?